डोक्यावर बाटली, टोंगळ्याखाली गिलास

जरीपटक्याच्या बाजारात प्रेमिला रामटेकेचा ठेला कोणता, हे कोणाला विचारावं लागत नाही. जिथं गिऱ्हाईक फळ उचलून नाकाशी नेते आणि बाई म्हणते, "हुंगून काय राहिली वं, फूल आहे का ते?", तो ठेला तिचा. केळी ती ठेवत नाही. केळी एका रात्रीत दगा देतात, असं तिचं म्हणणं. हंगामात संत्री असतात, पण खरा धंदा सफरचंदाचा. सकाळी कळमन्याच्या यार्डातून पेट्या आणायच्या, थर उकलायचे, जुन्या बनियनच्या फडक्यानं एकेक फळ पुसायचं, चांगली बाजू गिऱ्हाइकाकडं आणि डागी बाजू आपल्याकडं ठेवून रचायचं. तिची अर्धी जिंदगी ह्यातच गेली, आणि वाईट गेली असं ती म्हणत नाही.

नवरा दारूनं गेला. बाकीचे नातेवाईक "पोटाचं दुखणं झालं होतं" म्हणतात. ती सरळ "दारूनं मेला" म्हणते, जसं एखादीनं म्हणावं, सकाळच्या बसनं गेला. मोहाची पिऊन तो दाराशी पडायचा, आणि त्याला आत ओढून घेता घेता उंबरठ्याची कड हिच्या कमरेला लागायची. तो गेला त्या दिवसापासून त्या उंबरठ्याच्या आत दारूचा थेंब आला नाही. विहारात बायांची वंदना ती म्हणवते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, दारूपासून दूर राहण्याच्या शीलाशी, तिचा आवाज थोडा चढतो. नव्या सुनांना वाटते, बाई इथंच काहून ओरडते. जुन्या बायांना ठाऊक आहे.

घरात ती आणि सासरा धोंडबा, दोघंच. धोंडबा ऐंशीला टेकलेला, छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेला. कान अर्धे गेलेत, पण डोळे शाबूत आहेत, आणि जीभ तर गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. पोरगा एकच, रोशन. हॉटेलचं शिकला, जहाजावर लागला, जहाजातून इंग्लंडात उतरला, तिथून फ्रान्स, तिथून स्पेन. तिकडून फोनवर म्हणाला होता, "सफरचंदाच्या रसाचं काम आहे आई." तेव्हापासून प्रेमिला अख्ख्या बाजाराला सांगते, "माहा पोट्टा ज्यूसच्या कंपनीत आहे." माय फळ विकते आणि लेक रस विकतो, ह्यात तिला एक बरोबर बसलेलं गणित दिसायचं.

तोच रोशन ह्या डिसेंबरात लग्न करायला घरी आला. मुलगी तिकडचीच, बागायतदाराची. नाव कोवा.

"खोवा?" शेजारच्या चारुलतानं विचारलं. ती शिलाई मशीन चालवते आणि कान उघडे ठेवते.

"कोवा," प्रेमिला म्हणाली.

"मंग ठीक आहे. गोडच आहे."

लग्न रविवारी, विहारात, भंतेजींच्या हातून व्हायचं ठरलं. मुलगी आणि तिचा बाप शुक्रवारी उतरणार होते. रोशन आठवडाभर आधी आला आणि दुसऱ्याच दिवशी ठेल्यावर येऊन उलट्या पेटीवर बसला, माय पुसत होती ती फळं पुसू लागला. बराच वेळ एकच फळ पुसत राहिला.

"आई, तुले एक सांगाचं होतं."

"सांग न. त्याच्यासाठी हात काहून थांबवला?"

"मी ज्यूसच्या कंपनीत नाही."

"काढलं का?"

"काढलं नाही. ज्यूसच नाही ते. म्हणजे आधी ज्यूसच असते. मंग ते आंबवतात."

प्रेमिलाला पुढचं सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात पेटीच्या तळाचं एखादं फळ दबून फुटते, त्याचा वास तिला पाठ आहे. तो वास पेटी उघडण्याआधीच येतो आणि तिला दरवेळी नवऱ्याचा सदरा आठवतो.

"दारू," ती म्हणाली.

"हलकी असते आई. बिअरवानी."

"हलकी दारू म्हणजे काय गा? हलक्या हातानं मारलं म्हणजे मार नसते का?"

तेवढ्यात एक बाई आली. सफरचंद दाबून म्हणाली, "गोड आहे का हे?"

"गोड आहे. घरचंच एक आंबट निघालं," प्रेमिला म्हणाली आणि तोलून दिलं.

संध्याकाळी ती सैपाकाला बसली तेव्हा धोंडबा भिंतीला पाठ टेकून रोशनला खोदून खोदून विचारू लागला. बुढ्यानं तरुणपणी सगळं चाखलं होतं आणि मग एका दिवशी सोडलं होतं. सोडलेल्या माणसाला त्या गोष्टीची जितकी चौकशी असते तितकी पिणाऱ्याला नसते.

"तिकडं सगळीकडं सारखीच राहते का गा ते?"

"नाही न आबाजी. फळ तेच, पण दर मुलखाची तऱ्हा वेगळी. इंग्लंडात मी होतो तिथं शेतकरीच आपल्या कोठारात करतात. गढूळ राहते, गुळाच्या पाण्यावानी. फेस नाही, काही नाही. तुरट इतकी का जीभ सुकते."

"कच्चं जांभूळ खाल्ल्यावानी?"

"तसंच. आन मोठा गिलास, एवढा. ज्याचा त्याचा वेगळा. तो घेऊन माणूस दोन घंटे कोपऱ्यात बसते. बोलला तर बोलला."

"हे काही खरं नाही," धोंडबा म्हणाला. "आन फ्रान्सवाले?"

"ते गोडघाशे. रस काढून थंडीत तसाच ठेवतात. वर जाड भुरी साय धरते. खालचा निवळ रस हळूच काढून घेतात. मंग तो इतका सावकाश आंबते का गोडी पुरी जातच नाही. बाटलीले बूच, बुचाले तार. उघडली का फसफसते. आन ते गिलासात नाही पेत, चिनीमातीच्या वाडग्यात पेतात."

"चहावानी."

"चहावानीच. संगं धिरडं खातात."

प्रेमिला पाठ करून कांदा चिरत होती. कांदा केव्हाच चिरून झाला होता, तरी विळी चालू होती.

"आन तुह्या मुलखात?"

"माह्या मुलखात आंबट," रोशन म्हणाला. स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ अस्तुरियासला तो माझा मुलूख म्हणतो, हे प्रेमिलानं ऐकून घेतलं. "तिथचे सफरचंद तर असे राहतात आबाजी, का आपल्या बाजारात कोणी ढोराले बी टाकणार नाही. बारके, कडू, आंबट. खायच्या कामाचे नाहीत म्हणूनच पेयाच्या कामाचे. लाकडाच्या मोठ्या पिंपात ठेवतात. ना गोड, ना फेस. बाटलीत ते झोपून राहते. त्याले जागं करा लागते. म्हणून बाटली डोक्याच्या वर, हात ताठ, आन गिलास इकडं टोंगळ्याखाली. वरून बारीक धार सोडाची, गिलासाच्या काठावर आपटली पाहिजे. आपटली का जागं होते. तेवढ्यात गटकन पिऊन टाकाचं, नाहीतर पुन्हा झोपते. म्हणून एका वेळी एकच घोट ओततात. माहं काम तेच. ओतणं."

"गिलासाकडं पाहून?"

"पाहाचं नाही. ना बाटलीकडं, ना गिलासाकडं. समोर पाहाचं, जसं काही केलंच नाही."

धोंडबानं उजवा हात वर, डावा गुडघ्याखाली नेऊन पाहिला, खांदा कुरकुरला तसा खाली आणला. "सांडत असंन लय."

"सांडते न. खाली भुसा टाकून ठेवतात. आन गिलास एकच राहते."

"एकच म्हणजे?" हे प्रेमिलानं विचारलं. विळीवरून तोंड फिरवून.

"मेजाशी आठ जण असो का दहा, गिलास एकच. फिरत राहते."

"सगळ्याइच्या तोंडाचा?"

"हो."

"तुह्या बी?"

"माह्या बी. पहिल्या दिवसापासून."

ती परत पाठमोरी झाली. पण रोशनला वाटलं, पाठ मघासारखी ताठ राहिली नाही. त्यानं संधी धरली. कोवाचा बाप सेल्सो, त्याच्या घरची एक रीत होती. मुलगी देण्याआधी दोन्ही घरांनी एकत्र उभं राहून तो एक गिलास फिरवायचा. म्हाताऱ्यानं त्यासाठी आपल्या बागेच्या दोन बाटल्या कपड्यात गुंडाळून आणायच्या ठरवल्या होत्या.

"मी पेणार नाही," प्रेमिला म्हणाली.

"पेऊ नको. तू तिथं असली पाहिजे, बस."

"रविवारी भंतेजी पंचशील देतीन, तवा पाचवं शील कोणत्या तोंडानं म्हणशीन?"

रोशन खोटं बोलू शकला असता. "ते मले नाही माहीत आई," तो म्हणाला. "मी पेतो. ओतणाऱ्याले चाखा लागते. तुह्यासमोर नाही म्हणत नाही. पण तू विहारात आली नाही, तर मी हे लगन करणार नाही. कोवाले मी तसं सांगून ठेवलं आहे."

प्रेमिलानं तव्यावर भाकर टाकली. भाकर उलटून म्हणाली, "बाटली उंबरठ्याच्या आत आली नाही पाहिजे. मागच्या मोकळ्या जागेत करा काय कराचं ते."

शुक्रवारी पाहुणे आले. कोवा उंच, हाडापेरानं मजबूत पोरगी. रोशननं तिला "जय भीम" शिकवून ठेवलं होतं, आणि ती ते हात जोडून सगळ्यांना म्हणत सुटली. प्रेमिलाला, धोंडबाला, ऑटोवाल्याला, दुधाच्या गवळ्याला. गवळी बिचारा यादव, तोही गडबडून जय भीम म्हणून गेला. सेल्सो ठेंगणा, रुंद, डोक्यावर टोपी. प्रेमिलानं सगळ्यात आधी त्याच्या हाताकडं पाहिलं. नखांत माती होती. विमानात बसूनही न गेलेली. एवढं तिला बरं वाटलं.

सेल्सो आणि धोंडबा यांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण अंगणात दोन खुर्च्या टाकून दोघं उन्हात बसले ते जेवायलाच उठले. सेल्सो ठेल्यावर जाऊन आला, काश्मिरी सफरचंद चावून तोंड वाकडं केलं आणि लेकीला काही बोलला. रोशननं सांगितलं, "म्हणते, हे फळ लय सुंदर आहे, पण ह्याच्यात भांडण नाही."

"भांडण पाह्यजेन तर आमच्या घरी ये म्हणा," प्रेमिला म्हणाली. पण हसली.

शनिवारी दुपारी मागच्या मोकळ्या जागेत तयारी झाली. तिथं एक हापशी, धुणं वाळत घालायची तार आणि पेरूचं झाड, एवढंच. चारुलता आपल्या गच्चीवर दोन पोरींना घेऊन उभी होती, पापड उन्हात घालायच्या निमित्तानं. प्रेमिलानं खुर्ची मागच्या दाराच्या आत, उंबरठ्याला लावून टाकली आणि तिथं बसली. नऊवारी नाही, पण इस्तरीची पांढरी साडी नेसली होती. येईन, बसीन, पाहीन, असं ती बोलली होती, आणि तेवढं ती करणार होती.

सेल्सोनं बूच काढलं. गिलास पातळ, रुंद तोंडाचा. त्यानं बाटलीचा हात सरळ आभाळाकडं नेला, गिलासाचा हात टोंगळ्याखाली सोडला आणि समोर पाहू लागला, जसा एखादा म्हातारा बसची वाट पाहतो. धार पडली. गच्चीवरून पोरींचा आवाज आला. प्रेमिलानं मान वर करून डोळे वटारले. "पापड घाला, पापड," ती म्हणाली. पोरी कठड्यामागं झाल्या. तिनं तोंड परत फिरवलं तोवर सेल्सोचा घोट घेऊन झाला होता आणि तो नवा घोट ओतून गिलास रोशनच्या हातात देत होता.

रोशननं घेतला. एका दमात प्यायला, पण पुरा नाही. तळाशी थोडं ठेवलं. मग गिलास तिरपा केला, जिथं ओठ लावले होते त्याच काठावरून ते उरलेलं फिरवलं, काठ धुऊन खाली मातीत सोडून दिलं. आणि धुतलेला गिलास गोऱ्या म्हाताऱ्याच्या हाती दिला.

प्रेमिला उठून उभी राहिली.

तिच्या माहेरचं गाव भिवापूरकडं. फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा, कोनाड्यात कान तुटलेल्या दोन कपबश्या उपड्या. त्या आपल्या लोकांच्या. ती सहा-सात वर्षांची असताना बापासोबत बाजाराला जायची. बाप कोनाड्यातून कप काढायचा, पुढं धरायचा. हॉटेलवाला किटली उंच धरून वरून चहा ओतायचा, कपाला लागू नये म्हणून. पिऊन झालं की बाप कप धुवायचा. वरून कोणीतरी पाणी ओतायचं, आणि बाप आपल्या ओठाची जागा आपल्याच अंगठ्यानं घासून साफ करायचा. मग उपडा ठेवायचा. त्या घासण्याचा आवाज तिला अजून येतो.

वरून ओतणं तिनं आज सोसलं होतं, कारण पोरानं आधी सांगून ठेवलं होतं. धुण्याचं त्यानं सांगितलं नव्हतं.

"रोशन, आत ये."

तो आला. तिनं दार लोटलं.

"तू उष्टा काठ काहून धुतला?"

"कोणता काठ? ते होय? तशीच रीत आहे आई."

"रीतच होती आमच्या बी गावात."

रोशनला कळेना. कळायचं कारणच नव्हतं. तो नागपुरात जन्मला, नागपुरात वाढला, आणि हे प्रेमिलानं त्याला कधी सांगितलं नव्हतं. लेकराच्या डोक्यावर ते ओझं कशाला, म्हणून तिनं ते आपल्यापाशीच ठेवलं. आता उभ्याउभ्या चार वाक्यांत सांगितलं. कोनाडा, कप, वरून पाणी, बापाचा अंगठा. सांगताना रडली नाही. पोराचंच तोंड उतरलं.

"आई, तसं नाही ते. ते साफसुफीसाठी..."

"आमाले बी साफसुफीचंच सांगत होते." तिचा आवाज खाली होता. "एक गिलास, एक गिलास म्हणून मले गोड बोलला. दारूचं मी गिळलं, गा. तुह्यासाठी गिळलं. पण माह्या बापानं जे केलं ते माह्या पोट्ट्यानं सात समुंदर जाऊन कराचं, आन तेही हासत, हे मी नाही गिळत. उद्या मी विहारात येत नाही. तुले कराचं ते कर."

रोशन भिंतीला टेकला. बाहेर कोवाचा प्रश्नार्थक आवाज आला, मग धोंडबाचा. आतलं त्याला ऐकू आलं नव्हतं, पण पोरानं काठ धुतला आणि सून उठली, एवढं त्यानं पाहिलं होतं.

"प्रेमिला, बाहेर ये वं."

"नाही येत मामाजी."

"मंग खिडकीतून पाह्य. तू अर्धंच पाहून उठली."

"मी सगळं पाह्यलं."

"तू चारुलताचे पापड पाह्यले. मी पाह्यलं इथं बसून. पोट्ट्याच्या हाती द्याच्या आधी ह्या बुढ्यानं आपला काठ धुतला. आता पुन्हा पाह्य."

धोंडबानं खुर्चीवरूनच सेल्सोला हातानं खूण केली: चालू दे. सेल्सोला काय झालं ते उमगलं नव्हतं. यजमानाचा हुकूम म्हणून त्यानं हात वर नेला. प्रेमिला खिडकीशी आली ती सासऱ्याचा मान म्हणून. सेल्सो प्यायला. तळाशी थोडं ठेवलं. आपल्या ओठाची जागा धुऊन मातीत सोडली आणि नवा घोट ओतून गिलास लेकीला दिला. कोवा प्यायली, तिनं आपला काठ धुतला, बापाला परत दिला.

"सख्ख्या पोट्टीले बी धुवून देल्ला त्यानं," धोंडबा बाहेरून म्हणाला, जणू क्रिकेटचं समालोचन करत होता. "आन पोट्टीनं बापाले. आता बोल."

प्रेमिला खिडकीचा गज धरून उभी राहिली. मग तिनं दार उघडलं, उंबरठा ओलांडला आणि सरळ कोवापुढं जाऊन थांबली. रोशन मागं आला.

"तिले विचार, काहून धुते."

कोवानं उत्तर दिलं. रोशननं मराठी केलं. "म्हणते, पुढच्याले साफ काठ भेटावा म्हणून. आन उरलेलं जमिनीचं राहते."

"सगळे धुतात? तिथचा सरपंच? पाद्री?"

"म्हणते, सगळेच."

"आन कोणी नाही धुतलं तर?"

कोवा हसली. "म्हणते, त्याले लोक गावंढळ म्हणतात. त्याच्या हाती पुन्हा गिलास देत नाहीत."

"आता त्याइले सांग," प्रेमिला म्हणाली, "मी काहून उठली ते."

"राहू दे न आई."

"सांग. सोयरे होऊन राहिले, तर त्याइले माहीत पाह्यजेन. कोनाड्यापासून सांग."

रोशननं सांगितलं. त्याला वेळ लागला, काही शब्दांशी तो अडला, हातानं कप दाखवला, वरून ओतणं दाखवलं. अंगठा काठावर फिरवून दाखवला तेव्हा कोवानं तोंडावर हात नेला. सेल्सोनं डोक्यावरची टोपी काढली. टोपीखाली कपाळाचा वरचा अर्धा भाग अगदी पांढरा होता, उन्हानं कधी न पाहिलेला. बाटली त्यानं पेरूच्या बुंध्याशी ठेवून दिली. गिलास घेऊन हापशीकडं गेला, लेकीला खूण केली. कोवानं हापसलं. त्यानं गिलास धुतला, पाण्यानं भरला आणि दोन्ही हातांत धरून प्रेमिलापुढं आणला. वर नाही, खाली नाही. तिच्या हाताच्या बरोबरीनं.

"पाणी आहे आई," रोशन म्हणाला, जणू तिला दिसत नव्हतं.

प्रेमिलानं गिलास घेतला आणि अर्धा प्यायली. पाणी थंडगार होतं, हापशीच्या लोखंडाची चव होती त्याला. मग गिलास हातात धरून थांबली. सगळे तिच्याकडं पाहत होते. गच्चीवर पापड केव्हाचे घालून झाले होते. आता तिनं उरलेलं काठावरून फिरवायचं आणि मातीत सोडायचं, एवढंच होतं. तिचा अंगठा काठापाशी गेला आणि तिथंच राहिला.

"त्याले सांग," ती म्हणाली, "का मले त्याची रीत समजली. वाईट नाही ती. चांगली आहे. पण माह्या हातून हे धुणं होणार नाही. माह्या बापानं माह्या वाटचं बी धुवून ठेवलं."

रोशननं मराठीतून स्पॅनिशमध्ये ते नेलं. सेल्सोनं मान हलवली. हात पुढं केला. प्रेमिलानं तो अर्धा भरलेला, न धुतलेला गिलास त्याला दिला. त्यानं तो फिरवला नाही, पुसला नाही. ज्या बाजूनं ती प्यायली त्याच बाजूनं ओठ लावले आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन गेला. मग जन्माच्या सवयीनं त्याचा हात गिलास तिरपा करायला वळला. तळाशी काहीच नव्हतं. म्हाताऱ्यानं रिकाम्या गिलासात डोकावून पाहिलं, मग लेकीकडं पाहिलं, चोरी पकडल्यासारखं. कोवा हसत हसत डोळे पुसू लागली.

"काय म्हणते ती?" प्रेमिलानं विचारलं.

"म्हणते, आता बाबाले गावात कोणी गिलास देणार नाही."

"इकडं येत जा म्हणा. इथं भेटीन." प्रेमिलानं पदर खोचला. "पाणीच भेटीन पण."

धोंडबानं खुर्चीवरून हात लांब केला. "आता माहा नंबर. ते पेरूखालची जागी करा जराशीक."

"मामाजी, तुमाले बी पाणीच."

"ऐंशी वर्षांच्या माणसाले पाणी पाजून राहिली," धोंडबा व्याह्याला म्हणाला. त्याला ते कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली.

रोशन अजून तिथंच उभा होता, हात कुठं ठेवावे ते न सुचून. प्रेमिलानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या मनातून पेरूखालची ती बाटली गेली नव्हती. ती जाणारही नव्हती, आणि तसं ती त्याला सांगणारही होती, लग्न झाल्यावर, वर्षानुवर्षं, फोनवर. पण आज तो प्रश्न नव्हता.

"उद्या सकाळी दहाले विहारात या म्हणा दोघाइले," ती म्हणाली. "पांढरे कपडे नसतीन तर आत्ताच सांगा, चारुलता रातच्याला शिवून देईन. आन वेळेवर या. भंतेजी थांबत नाहीत कोणासाठी."

"तू येशीन?"

"मी नाही आली तर वंदना कोण म्हणवीन?" ती म्हणाली. "पाचव्या शीलाचं तू आन भंतेजी पाहून घ्या. मी तिथं जोरानंच म्हणणार आहे, आधीच सांगून ठेवते."